साहेबबुवाच्या आईची ओटी

परदेशात लेकीकडे निघालेल्या बाईच्या बॅगेत काय असतं ते सांगायला नको. मेतकूट, गोडा मसाला, कुरडया, नातीचं परकर-पोलकं. माझ्या बॅगेत हे सगळं होतंच, आणि सगळ्यात वर कागदात गुंडाळलेला एक हिरवा जरीकाठी खण होता. तो ज्या बाईसाठी नेत होते ती मी जन्मायच्या कितीतरी आधी वारली होती आणि तिचं तोंड आमच्या घराण्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

हे ऐकून कुणालाही मला वेड लागलंय असं वाटेल. मलाही तसंच वाटत होतं. मी सगळी नोकरी तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली. नवस, उतारे, अंगारे यांवरून मी गावात इतक्यांशी भांडले आहे की मी जवळपास असले की लोक दृष्टसुद्धा चोरून काढतात. आणि निघाले होते कशाला, तर नवस फेडायला.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर. गावाच्या वरच्या अंगाला जांभळीखाली एका इंग्रजाची कबर आहे. त्या काळात आजारी शिपायांना, अधिकाऱ्यांना हवापालटासाठी डोंगरात पाठवत, त्यातलाच हा एक. आफ्रिकेत आणि पुढे सरहद्दीवर लढून शौर्याचं पदक मिळवलेला, पंचविशीही न गाठलेला लेफ्टनंट. मेला मात्र आमच्या गावात, तापानं. दगडावर त्याचं नाव आहे, त्याच्या गावाचं नाव आहे आणि पदकाचं चित्र कोरलेलं आहे. गावातल्या लोकांना ते पदक म्हणजे फूल वाटतं. त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं की हे पोर तापात आईला हाका मारत गेलं. त्याची भाषा कुणाला येत नव्हती, पण आईला मारलेली हाक कळायला भाषा कशाला लागते, असं माझ्या सासूबाई म्हणतात. तेव्हापासून घरात लेकराला ताप चढला की बाया त्याच्याकडे जातात. तो आमचा साहेबबुवा. त्याला नारळ नाही, गुलाल नाही. त्याला चहा आणि बिस्किटं. चहा कपबशीतूनच ठेवायचा आणि बशीचा टवका उडालेला नसावा. ही रीत कुणी घातली ते माहीत नाही, पण मोडायची कुणाची छाती होत नाही.

माझी लेक मुक्ता कार्डिफला असते. तिथल्या एका हॉस्पिटलात फिजिओ आहे. तिची इरा दिवस भरायच्या खूप आधी जन्मली आणि कितीतरी आठवडे काचेच्या पेटीत होती. व्हिसा हातात नव्हता, मी इकडे फोन धरून बसलेली. तेव्हा सासूबाई कपबशी घेऊन एकट्या वर जांभळीखाली गेल्या आणि बोलून आल्या, "माझ्या पणतीला वाचव. तुझ्या आईची ओटी भरीन."

मी कपाळावर हात मारला. "आई, आता त्याची आई कुठून आणायची?"

"विलायतेत असेल की."

"अहो, ती कधीच गेली असणार."

"मग जागा तर असेल," म्हणाल्या, आणि वाती वळायला बसल्या.

इरा वाचली. डॉक्टरांनी वाचवली, नर्सेसनी रात्रंदिवस जागून वाचवली, हे मी आईंना दहा वेळा सांगितलं. त्यांनी दहाही वेळा मान डोलावली. पण आता नव्वदी उलटल्यावर त्यांनी अंथरूण धरलं, जेवण दोन घासांवर आलं, आणि रोज दिवेलागणीला एकच धोशा सुरू झाला, "नवस राहिलाय गं." जन्मभर या बाईनं कुणाकडे काही मागितलं नाही. सुनेकडे तर नाहीच. मला भीती वाटायला लागली की हा नवस मनात घेऊनच त्या जातील आणि मग मला माझं विज्ञान उशाशी घेऊन झोप यायची नाही. माझा नवसावर विश्वास नाही, पण आईंवर आहे. शेवटी हे आईंपाशी थांबले आणि मी एकटी विमानात बसले.

एजवेअर

पहिले काही दिवस लंडनच्या एजवेअरमध्ये मुक्कामाला विहीणबाईंकडे, म्हणजे शैलाताईंकडे होते. त्या लग्न होऊन इकडे आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली. त्यांच्या घरात शिरलं की आपण घड्याळाचे काटे उलटे फिरवल्यासारखं वाटतं. आपल्याकडे आता डाव्या बाजूला चटणीऐवजी कोण काय वाढतं याचं कुणाला सुतक नसतं. शैलाताईंच्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आपापल्या जागी हजर. बाहेर लाल बस, ओळीनं सारखीच घरं, दारासमोर रंगीत कचरापेट्या, आणि आत ही रीत. मी पानात कोशिंबीर उजवीकडे घेतली तर त्यांनी न बोलता ती डावीकडे सरकवली.

खण माझ्याजवळ होता. नारळ मात्र इथेच घ्यायचा होता. म्हटलं, लंडनमध्ये काय मिळत नाही? मोठ्या सुपरमार्केटात गेलो तर नारळांचा ढीग होता, पण सगळे तुळतुळीत गोटे. एकालाही शेंडी नाही.

"असला नारळ ओटीत घालतात होय?" शैलाताई तिथल्या मुलीकडे अशा बघायला लागल्या की जणू तिनंच सगळ्या नारळांची हजामत केली. मग आम्ही आपल्या लोकांची दुकानं धुंडाळायला लागलो. तिसऱ्या दुकानात शेंडीवाले नारळ सापडले. शैलाताईंनी एकेक उचलून कानाशी हलवून पाहिला.

दुकानदार गुजराती, हसून म्हणाला, "आंटी, बधा फ्रेश छे. ऑल गुड."

"दॅट आय विल डिसाइड," आंटी म्हणाल्या.

नारळ मिळाला, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारका, बदाम सगळं मिळालं. घरी येऊन सामान मांडत असताना शैलाताई एकदम थांबल्या. "का हो, पण ती बाई सवाष्ण गेली की नवरा आधी गेला? विधवा असेल तर ओटी कशी भरणार तुम्ही?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गावापासून हजारो मैलांवरची, शंभर वर्षांपूर्वीची ख्रिस्ती बाई, आणि आम्ही दोघी एजवेअरच्या किचनमध्ये तिचं कुंकू मोजत बसलो होतो. मला हसू आलं, मग संतापही आला. आपल्याकडची ही रीत मला कधीच पटलेली नाही. म्हटलं, "शैलाताई, मी जाऊन तिथे सामान ठेवणार आणि नमस्कार करून येणार. तिच्या नवऱ्याची चौकशी करणार नाही."

"बघा बाई," त्या म्हणाल्या. "फेडायचा तर नीट फेडावा."

कार्डिफ

जावई रोहन मला न्यायला गाडी घेऊन आला. पोरगा गुणाचा. जन्म इथला, मराठी सगळी आईकडून ऐकून शिकला. "आई, तुम्ही पुढे बस. बॅग मी घेते," म्हणाला आणि माझी जड बॅग एका हातानं उचलली. आईचं ऐकून ऐकून त्याची क्रियापदंही आईचीच झाली आहेत. मला ते फार गोड वाटतं, म्हणून मी कधी दुरुस्त करत नाही.

मोठा पूल ओलांडला की वेल्स लागतं आणि रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत होतात. वर वेल्श, खाली इंग्रजी. आपली भाषा वर लिहिणाऱ्या लोकांबद्दल मला उगाचच आपलेपणा वाटायला लागला. कार्डिफ बेताचं शहर आहे. मधोमध किल्ला, त्याच्या पाठीला लांबच लांब बाग, आणि पाऊस असा की पडतोय की नाही ते चष्म्यावरूनच कळावं. कुणी छत्री उघडत नाही. मी एकटी उघडून चालायचे आणि सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मुक्तानं एकदा बसमधून हॉस्पिटलची इमारत दाखवली आणि बोटानं एक खिडकी. "तिथं होती इरा." इरा तेव्हा माझ्या मांडीवर उभी राहून काचेवर नाक दाबत होती. मी तिला घट्ट धरून ठेवलं.

साहेबाचं गाव रोहननंच इंटरनेटवर शोधून काढलं. कार्डिफपासून वर, डोंगरात. तिथल्या चॅपेलमध्ये त्याच्या नावाची पाटी आहे आणि चॅपेलची किल्ली मिस प्रोथेरो नावाच्या बाईंकडे असते, हेही त्यानं फोन करून काढलं. सगळं मन लावून केलं. पण रात्री जेवताना त्याच्या मनातलं बाहेर आलं.

"आई, रागवू नका, पण मला हा पटत नाही. हा माणूस मेडल कशाला मिळाला? पीपल लाइक अस, त्यांना मारून. त्यांची जमीन, त्यांचा घर. आणि आपण त्याच्या मदरला गिफ्ट देणार? शाळेत मला केवढा ऐकून घ्यायला लागला, यू नो, एम्पायर वगैरे."

"रोहन," मुक्ता म्हणाली.

"नाही, बोलू दे त्याला," मी म्हटलं. "बरोबर आहे त्याचं. तो राज्य करायलाच आला होता. पण आमच्या गावानं त्याला मेडलसाठी कधी पुजलं नाही रे. ते मेडल आहे हेच कुणाला माहीत नाही."

"मग कशासाठी?"

"आजारी होता म्हणून."

रोहनला पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलेलं नव्हतं. पण सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गाडीत इराची सीट त्यानंच बसवली.

साहेबाचं गाव

गावाचं नाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, म्हणून मी आपली साहेबाचं गाव म्हणते. रस्ता एका गाडीचा, दोन्हीकडे उंच कुंपणं, आणि अर्ध्या वाटेत समोरून मेंढरं. मागे एक म्हातारा मेंढपाळ, त्याला कसलीच घाई नाही. रोहन गाडी मागे घेत घेत पार फाट्यापर्यंत आला. या सगळ्या गडबडीत मागच्या सीटवर इरा फारच शहाण्यासारखी गप्प होती. वळून पाहिलं तर ओटीतल्या खारका आणि बदाम फस्त.

"आजी, आय वॉज हंग्री," ती म्हणाली.

जिच्यासाठी नवस तिनंच नवसावर ताव मारला. मुक्ताला हसू आवरेना. मीही म्हटलं, असू दे, तांदूळ कच्चे आणि नारळ अख्खा म्हणून तेवढे तरी वाचले.

डोंगराचा आकार पाहून मात्र मी गाडीची काच खाली केली. माथा सपाट, उतारावर गवत, खाली ओढा आणि वर धुकं. आमच्याच गावाच्या वर उभी असल्यासारखं वाटलं. त्या पोराला मरताना निदान डोंगर ओळखीचा दिसला असेल, असं मनात आलं आणि बरं वाटलं.

मिस प्रोथेरो चॅपेलच्या दारात किल्ली घेऊन उभ्या होत्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या, उंच, ताठ, पांढरे केस कापलेले, अंगात घरचा एप्रन तसाच. लेफ्टनंटच्या धाकट्या भावाची ही नात. त्यांनीही आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, ते त्यांनी न सांगताच कळलं, कारण आल्या आल्या त्यांनी रोहनला गाडी नीट लावायला लावली.

चॅपेल आतून अगदी रिकामं. मूर्ती नाही, चित्र नाही, रंगीत काच नाही. लाकडी बाकं आणि पांढऱ्या भिंती, इतकंच. डावीकडच्या भिंतीवर संगमरवरी पाटी. लेफ्टनंट आयव्हर प्रोथेरो, त्याचं पदक, आणि खाली मजकूर: मूठभर माणसांनिशी यानं रानटी टोळ्यांच्या लोंढ्यापासून खिंड राखली. रोहननं ते वाचलं, 'रानटी' या शब्दापाशी थांबला आणि इराला घेऊन बाहेर गेला.

मिस प्रोथेरोंनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या जावयाचं चुकत नाही," त्या म्हणाल्या. "मी लहानपणापासून दर रविवारी या ओळीखाली बसते. आधी अभिमान वाटायचा. शिकले, वाचलं, मग मान वर करायची लाज वाटायला लागली. काढून टाकावी तर तो आमच्या घरचा मुलगा. ठेवावी तर हे शब्द." मग किल्ली हातातल्या हातात फिरवत त्यांनी मला विचारलं, "मला एक खरं सांगाल? तिथले लोक त्याच्या कबरीवर थुंकतात का?"

आयुष्यभर हा प्रश्न या बाईनं मनात ठेवला होता, हे त्यांच्या आवाजावरून कळलं. माझं इंग्रजी पुस्तकी. तरी मी जमेल तसं सगळं सांगितलं. जांभळीचं झाड, ताप आलेली लेकरं, चहा, बिस्किटं, टवका न उडालेली बशी. सांगता सांगता मलाच ते किती वेडगळ आहे ते जाणवत होतं.

त्या आधी बघतच राहिल्या. मग बाकावर बसल्या आणि खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं रडतात. तर हसत होत्या. "आयव्हर? देव? अहो, तो हंसांना भ्यायचा! आजोबा सांगायचे, अंगणात पाळलेले हंस आले की हा आईच्या स्कर्टमागे." हसता हसता डोळे पुसले आणि परत विचारलं, "खरंच बशीतून?" मी खरंच म्हटलं.

मला वाटलं आता सगळं सोपं आहे. आम्ही मागच्या आवारात गेलो. त्याच्या आईची कबर भिंतीलगत होती. दगडावर नवऱ्याचं नाव, तिचं नाव, आणि खाली मुलाचं नाव, 'दूर देशी निजला' अशा शब्दांत. नवरा आधीच गेलेला. शैलाताईंचा प्रश्न असा निकालात निघाला. मी पिशवी उघडली, नारळ बाहेर काढला, आणि मिस प्रोथेरोंचा चेहरा बदलला.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. आमच्यात बाईचा मान करायचा तर तिच्या पदरात तांदूळ, नारळ आणि खण घालतात, आणि मी ते नवस म्हणून आणलं आहे.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, पण ठाम होता. "माफ करा. माझे वडील या चॅपेलचे कारभारी होते. आम्ही मेलेल्यांपुढे वस्तू ठेवत नाही. मेलेल्यांकडून काही मागत नाही. तुम्ही इतक्या लांबून आलात, पण हे मी नाही होऊ देऊ शकत."

मला राग यायला हवा होता. पण मी त्या ओल्या गवतात नारळ धरून उभी, आणि ही बाई मला तेच ऐकवत होती जे मी तीस वर्षं आईंना ऐकवत आले होते. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. डोळ्यांसमोर आईंचं अंथरूण आलं. रिकाम्या हातानं परत जाऊन त्यांना काय सांगणार होते मी?

"मलाही हे पटत नाही," मी म्हटलं. "पण मी मागायला आले नाही हो. मागणं कधीच मागून झालं. हे आभार आहेत."

"कशाबद्दल?"

मी बोट दाखवलं. भिंतीपलीकडे इरा लाल बूट घालून डबक्यात उड्या मारत होती आणि रोहन तिच्यामागे पळत होता. "ती जन्मली तेव्हा एवढीशी होती. जगेल असं वाटत नव्हतं. माझ्या सासूबाईंनी तुमच्या आयव्हरला शब्द दिला. त्यांना आता फार दिवस नाहीत. शब्द राहिला म्हणून त्या अडून बसल्या आहेत."

मिस प्रोथेरो इराकडे बघत राहिल्या. इरानं एक मोठी उडी मारली आणि सपशेल चिखलात बसली.

"दगडावर ठेवलेलं तिला आवडलं नसतं," त्या म्हणाल्या. "फार काटकसरी होती म्हणे. तांदूळ असे गवतात? हातात दिले असते तर तिनं घेतले असते." मग कबरीकडे बघत हळूच म्हणाल्या, "आता तिच्या घरात मीच उरले आहे."

मुक्तानं माझ्याकडे पाहिलं, मी मुक्ताकडे. तिनं लगेच व्हिडिओ कॉल लावला. गावाकडे दुपार सरत आली होती. ह्यांनी फोन आईंच्या तोंडापुढे धरला.

"आई, त्याची आई गेली, पण तिच्या घरातली बाई आहे. त्याच्या धाकट्या भावाची नात. तिला भरू का ओटी?"

"कुंकवाची आहे का?" आईंनी क्षीण आवाजात विचारलं. मला वाटलं, झालं, आता इथे अडणार.

"नाही आई. लग्नच नाही केलं तिनं. वय पंच्याऐंशीच्या वर आहे."

आईंनी डोळे मिटले. आम्ही सगळे त्या एवढ्याशा पडद्याकडे बघत उभे. मग त्यांनी डोळे उघडले. "लग्न नाही ना झालं? मग कुमारिका की. कुमारिकेची भरतात. भर तू."

मुक्तानं याचं इंग्रजी करून सांगितलं तेव्हा मिस प्रोथेरो दुसऱ्यांदा हसल्या. "तुमच्या सासूबाई कायदा शिकल्या आहेत का?" त्यांनी विचारलं. "चला, इथे नको. माझ्या किचनमध्ये चला."

त्यांचं घर चॅपेलच्या मागेच. ओट्याशी उभं राहून त्यांनी विचारलं, "यावर माझा विश्वास असावा लागतो का?"

"माझाच नाही," मी म्हटलं.

"मग ठीक आहे."

कपाळाला कुंकू लावायला त्या नको म्हणाल्या, मी आग्रह केला नाही. नारळाला लावलं. पदर कुठून आणायचा हा प्रश्न होता, पण मी दाखवल्यावर त्यांनी एप्रनची दोन टोकं धरली आणि पुढे केली. हुबेहूब आपल्या बाया धरतात तशी. मी ओंजळीनं तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी, खण आणि वर शेंडीचा नारळ. खारका-बदाम का नाहीत ते इराकडे बोट दाखवून सांगितलं. मी किती वेळा, किती जणींच्या ओट्या भरल्या आहेत, सगळ्या रीत म्हणून, लक्ष दुसरीकडे ठेवून. त्या दिवशी पहिल्यांदा मला ओटी भरण्याचा अर्थ कळला. मी वाकून नमस्कार केला तेव्हा रोहन दारात उभा होता. चिखलातल्या इराला कडेवर घेऊन तो आत आला, तिला खाली ठेवलं, आणि म्हणाला, "इरा, या आजीला नमस्कार कर." मग स्वतःही वाकला.

रीतीप्रमाणे त्यांच्या एप्रनमधले थोडे दाणे मी परत माझ्या पदरात घेतले. "हे का?" त्यांनी विचारलं. भरल्या ओटीतून थोडं देणाऱ्याला परत द्यायचं असतं, म्हणून सांगितलं.

"आमच्याकडे असं कच्चं नाही परत देत," त्या म्हणाल्या आणि नारळ ओट्यावर ठेवून कामाला लागल्या. भिंतीवरचा जाड बिडाचा तवा काढला. हो, तवाच. फक्त याला मूठ होती. मैद्यात लोणी चोळलं, साखर, बेदाणे, जायफळ, अंडं घालून मळलं, लाटलं, वाटीनं गोल कापलं आणि मंद आचेवर भाजायला घेतलं. उलटायला कलथा नाही, बोटांनीच. मी पुढे होऊन कडा शेकायला लागले. दोन म्हाताऱ्या एका तव्याशी, कुणाला कुणाची भाषा धड येत नाही, आणि बिस्किटासारख्या त्या गोड पोळ्यांचा घरभर वास.

अर्ध्या आम्ही चहाबरोबर संपवल्या. उरलेल्या त्यांनी पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि झाकण नीट दाबून बसवलं. "या त्याच्या आईच्या हातच्या आहेत असं समजा. माझ्या आजोबांना तिनंच शिकवल्या, त्यांनी मला. टिकतात बऱ्याच दिवस." दारापर्यंत आल्या, आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "तो घरी यायचा तेव्हा पहिल्यांदा यांच्यावरच तुटून पडायचा म्हणे."

परत

आईंना उठवेल असं वाटत नव्हतं. पण मी डबा दाखवल्यावर त्यांनी लुगडं बदलायला घेतलं. शेजारच्यांची रिक्षा थेट जांभळीपर्यंत नेली. ह्यांनी आणि मी दोन्हीकडून धरून आईंना दगडापाशी बसवलं. मी सगळं परत एकदा सांगितलं, ती बाई कशी होती, एप्रन कसा धरला, तवा कसा होता, हंसांचं भयसुद्धा.

"यात अंडं आहे हं आई," मी म्हटलं. आई जन्माच्या शाकाहारी.

"असू दे. त्याच्या घरी करतात तसं."

त्यांनी झाकण काढायला लावलं. एक पोळी उचलली, वास घेतला. मला वाटलं अख्खी ठेवतील, हळदकुंकू वाहतील. पण त्यांनी तिचे लहान लहान तुकडे केले, दुखण्यातून उठलेल्या पोराला भरवायला करतात तसे, आणि एकेक करून दगडावर ठेवले. साहेबबुवा म्हणून आयुष्यभर ज्याच्यापुढे डोकं टेकलं, त्याच्या नावावरून त्या हात फिरवत राहिल्या.

"खा बाळा," म्हणाल्या. "घरून आलंय."

मग माझ्याकडे वळल्या, "चल गं," म्हणाल्या, आणि हात न जोडताच आमचा आधार घेत रिक्षात जाऊन बसल्या.